तुळशीत भांग, भांगेत तुळस

चांगल्या घराण्यात वाया गेलेलं मूल निपजलं की आपल्याकडे ‘तुळशीत भांग’ म्हणतात, आणि वाया गेलेल्या घरात गुणी मूल निपजलं की ‘भांगेत तुळस’. दोन रोपं, दोन टोकं. एक वृंदावनातली, जिच्यापुढे सांजवात लावायची. दुसरी गोसाव्याच्या झोळीतली, जिचं नाव पोराबाळांसमोर काढायचं नाही. ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो. पुढे रसायनशास्त्र शिकलो, तीसेक वर्षं ते शिकवलं, आणि सुगंधी तेलांचा अभ्यास करता करता ध्यानात आलं की ही म्हण रसायनाच्या पातळीवर शब्दशः खरी आहे. तुळशीच्या पानांच्या तेलात कॅरिओफिलीन नावाचं द्रव्य असतं. भांगेच्या फुलोऱ्याच्या तेलातही तेच असतं. अणूला अणू जुळणारं, बंधाला बंध जुळणारं. रेणूला आपण कुठल्या कुळात जन्मलो ते ठाऊक नसतं.

हे पुस्तक भांगेच्या झाडाच्या वासाविषयी आहे. तो वास कशाचा असतो, झाड तो कुठे आणि कसा तयार करतं, कशासाठी करतं आणि तो उडून कसा जातो, एवढाच त्याचा विषय. विषय ऐकून अनेकांनी भुवया उंचावल्या. ‘दुसरं काही मिळालं नाही का?’ असं एका जुन्या सहकाऱ्याने काळजीपोटी विचारलं. त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर सांगतो.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. खलबत्त्यात दहा-बारा मिरीदाणे घ्या आणि एकच ठोका द्या. नाकाशी येतो तो वास आणि जिभेला झोंबतो तो तिखटपणा, ही दोन वेगळ्या द्रव्यांची कामं आहेत. तिखटपणा पिपरीनचा. पिपरीन जड, न उडणारं, आणि त्याला स्वतःचा म्हणावा असा वास नाही. वास येतो तो कॅरिओफिलीन, पायनीन, लिमोनीन यांच्यासारख्या हलक्या, उडणाऱ्या द्रव्यांचा. म्हणून जुनी मिरपूड तिखट लागते, पण तिला वास राहत नाही. भांगेच्या झाडातही हीच वाटणी आहे. नशा आणणारं द्रव्य म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, टीएचसी. इस्राएलमध्ये येहिएल गाओनी आणि राफेल मेशुलाम यांनी 1964 साली ते शुद्ध रूपात वेगळं करून त्याची रचना सांगितली. या टीएचसीला वास नाही. रस्त्याने जाताना ‘इथे कुणीतरी गांजा ओढतंय’ असं आपल्याला कळतं, ते नशेच्या द्रव्यामुळे नव्हे, त्याच्या शेजाऱ्यांमुळे. इतकंच कशाला, चरस हुंगून काढणारी पोलिसांची कुत्रीही टीएचसी हुंगत नाहीत. ती कॅरिओफिलीन ऑक्साइड हुंगतात, असं 1973 साली जर्मन संशोधकांनी दाखवून दिलं. हवेत मुरलेल्या कॅरिओफिलीनपासून तयार होणारं हे द्रव्य लवंगेतही सापडतं.

हे झाड मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते कुमाऊंत. पावसाळा सरत आला होता, आणि रस्त्याच्या कडेला, गोठ्यामागे, उकिरड्यावर, जिथे आपल्याकडे टाकळा किंवा एरंड उगवावा तिथे भांग पुरुषभर उंच वाढली होती. ज्या घरी उतरलो होतो तिथल्या आमा, म्हणजे आजी, भांगेचं बी तव्यावर भाजून मीठ-मिरचीबरोबर पाट्यावर वाटत होत्या. वर लिंबू पिळायचं, झाली चटणी. त्या बियांना तिळासारखा खमंग वास होता, भांगेचा जराही नव्हता. मला नवल वाटलं, म्हणून मी बाहेर जाऊन फुलोऱ्याचा शेंडा दोन बोटांत चोळला. आधी लिंबाच्या सालीसारखं काहीतरी उडालं, मग ओल्या चिडाच्या लाकडासारखं, आणि शेवटी एक जड, मिरमिरीत, किंचित घामट वास बोटांवर चिकटून राहिला. पाण्याने धुतला, जाईना. साबणाने कमी झाला, गेला नाही. आमांनी हसत तळहातावर मोहरीच्या तेलाचे चार थेंब टाकले, म्हणाल्या चोळ. तेलाबरोबर चिकटा सुटला आणि वासही. वर्गात जे मी फळ्यावर लिहीत असे, की ही द्रव्यं पाण्यात विरघळत नाहीत, स्निग्धात विरघळतात, ते त्या माउलीला शाळेत न जाता ठाऊक होतं. आपल्याकडे भांग दुधात घोटतात तीही याच कारणाने.

खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग होतं. फुलाला कवटाळून बसणारी जी इवली पानं असतात, त्यांच्यावर ते धरलं. डोक्यावर दवबिंदू घेतलेल्या काचेच्या टाचण्या दाटीवाटीने रोवाव्यात, तसं दिसलं. कोवळ्या शेंड्यावर ती डोकी पाण्यासारखी स्वच्छ होती, जुन्यावर दुधाळ, आणि सुकत आलेल्या फुलांवर मधाच्या रंगाची. हे या झाडाचे ग्रंथिकेश. भांगेचा सगळा वास आणि जवळजवळ सगळी राळ इथेच तयार होते. खोडात नाही, मुळात नाही, बियांत नाही. म्हणून आमांच्या चटणीला तो वास नव्हता.

हे केस तीन प्रकारचे. काही अगदी बारके, काही पानाला चिकटून बसलेले, आणि काही देठावर उभे. सर्वांत श्रीमंत ते देठवाले. त्यांच्या डोक्यात राळ गाळणाऱ्या पेशी तबकडीसारख्या गोलाकार मांडलेल्या असतात, बहुधा बारा ते सोळा. तबकडीवर मेणचट पातळ त्वचेचा फुगा असतो. पेशी तेल तयार करतात आणि पेशींच्या बाहेर, या फुग्याखाली, साठवतात. बाहेर का, तर हे तेल त्यांच्या स्वतःच्या जिवालाही झेपणारं नाही. पेशीच्या आवरणात ते घुसलं तर आवरणच विरघळायला लागेल. झाडाने आपलंच अस्त्र आपल्याला लागू नये म्हणून केलेली ही तजवीज. निसर्गाच्या इतक्या बारीक कोठाराकडे पाहून माझं मन दर वेळी भरून येतं, आणि हे पुस्तक लिहायचं खरं कारण तेच आहे.

आता त्या तबकडीतल्या एका पेशीत शिरू. पुस्तकाचा सर्वांत लांब भाग याच विषयाचा आहे, आणि तो वाचताना कुठे अडलात तर पुढचा परिच्छेद नकाशासारखा वापरा.

पानांनी उन्हात तयार केलेली साखर देठातून वर येते. पेशीत ती मोडते, आणि तिच्या तुकड्यांपासून पाच कार्बन असलेली एक वीट तयार होते. या विटेची दोन रूपं आहेत, आयसोपेंटेनिल डायफॉस्फेट आणि डायमेथिलअॅलिल डायफॉस्फेट. नावं लांबलचक आहेत, वस्तू साधी आहे. ही वीट पाडायच्या दोन भट्ट्या एकाच पेशीत असतात. एक लवकांत, म्हणजे हरितलवकांच्या भाऊबंदांत. दुसरी पेशीद्रव्यात. ही दुसरी भट्टी तुमच्या-माझ्या यकृतातही आहे आणि तिच्यातून आपलं कोलेस्टेरॉल निघतं. कोलेस्टेरॉलसाठी रोज रात्री गोळी घेणाऱ्या वाचकांनी हे ध्यानात घ्यावं, की ती स्टॅटिनची गोळी ज्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, अडवते, तेच विकर भांगेच्या पेशीत वासाची वीट पाडायला हातभार लावत असतं. असं काही कळलं की माणूस आणि झाड यांच्यातली भिंत फार पातळ वाटू लागते.

लवकांत दोन विटा जोडल्या की दहा कार्बनांची साखळी होते, जेरानिल डायफॉस्फेट. पेशीद्रव्यात तीन जोडल्या की पंधरा कार्बनांची, फार्नेसिल डायफॉस्फेट. या साखळ्यांपासून होणाऱ्या द्रव्यांना टर्पिनं म्हणतात. दहावालीपासून मोनोटर्पिनं होतात. ती हलकी, चटकन उडणारी, नाकात प्रथम शिरणारी: मायर्सीन, लिमोनीन, पायनीन, टर्पिनोलीन, ओसिमीन, लिनालूल. पंधरावालीपासून सेस्क्विटर्पिनं. ती जड, रेंगाळणारी: कॅरिओफिलीन, ह्यूम्युलीन, बिसाबोलॉल. माझ्या बोटांवर आधी लिंबू आलं आणि शेवटी मिरमिरीत वास उरला, तो क्रम या वजनांचा क्रम होता.

पण साखळीपासून लिंबू किंवा चीड होतं कसं? इथे टर्पीन-सिंथेज नावाची विकरं येतात, आणि सगळ्या कथेत मला त्यांचंच कसब सर्वांत मोठं वाटतं. विकराच्या पोटात एक पोकळी असते. साखळी तिच्यात शिरली की मॅग्नेशियमच्या आयनांच्या मदतीने तिच्या टोकाचा फॉस्फेटचा तुकडा तोडला जातो. तो जाताना इलेक्ट्रॉन घेऊन जातो आणि साखळीवर धनप्रभार उरतो. धनप्रभार असलेला कार्बन स्वस्थ बसत नाही. तो वळतो, स्वतःच्याच शेपटाला चिकटतो, वलय बनतं. त्या वलयातून एक प्रोटॉन एका ठिकाणाहून सुटला तर लिमोनीन. जरा दुसरीकडून सुटला तर टर्पिनोलीन. सुटण्याआधी वलय पुन्हा एकदा स्वतःवर दुमडलं तर पायनीन. आणि वलय व्हायच्या आधीच पाण्याचा एक रेणू येऊन बिलगला तर लिनालूल. म्हणजे संत्र्याची साल, चिडाचं जंगल आणि लव्हेंडरचं फूल यांच्यातला फरक हा साखळीने किती वळायचं, प्रोटॉनने कुठून बाहेर पडायचं आणि पाण्याने कधी बिलगायचं एवढ्याचाच. शिवाय ही विकरं एकनिष्ठ नसतात. एकच विकर एकाच साखळीपासून चार-पाच द्रव्यं एकदम बनवतं, ठरावीक प्रमाणात. भांगेतली अशी पहिली दोन विकरं, एक लिमोनीनचं आणि एक पायनीनचं, 2007 साली ओळखली गेली. 2017 साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या जूडिथ बूथ, जोनाथन पेज आणि यॉर्ग बोलमन यांनी आणखी अनेकांची कामं उलगडली. या झाडात अशा विकरांची तीसहून अधिक जनुकं आहेत. कुठल्या रोपात कुठली किती चालतात, यावर त्या रोपाचा वास ठरतो.

आणखी एक गोष्ट इथे जोडायला हवी, कारण पुस्तकाचा गाभा तोच आहे. दहा कार्बनांची जी साखळी मोनोटर्पिनांकडे जाते, तीच दुसऱ्या एका वाटेने ऑलिव्हेटोलिक आम्ल नावाच्या द्रव्याला जोडली जाते. त्यातून कॅनाबिजेरोलिक आम्ल होतं, आणि त्यापासून टीएचसीचं आम्लरूप किंवा सीबीडीचं, म्हणजे कॅनाबिडायॉलचं, आम्लरूप. म्हणजे नशेचं द्रव्य आणि वासाचं द्रव्य एकाच परातीतल्या कणकेतून लाटलेली आहेत. गंमत अशी की झाडावर असेतो नशेचं द्रव्य बहुतांश आम्लरूपातच असतं आणि त्या रूपाला नशा नसते. उष्णता लागली, कार्बन डायऑक्साइड निघून गेला, की नशेचा टीएचसी उरतो. ‘झाडच व्यसनी’ हा आपला समज इथे गळून पडतो. झाडाला आपल्या डोक्याशी काही देणंघेणं नाही.

मग झाड हा सगळा खटाटोप कुणासाठी करतं? मोगऱ्याचा वास रात्रीच्या पतंगांसाठी, आंब्याच्या मोहोराचा माश्यांसाठी. भांगेचं परागीभवन मात्र वाऱ्याने होतं. तिला कुणाला बोलवायचं नाही. तिचा वास बोलावण्यासाठी नाही, हाकलण्यासाठी आहे. पायनीन आणि लिमोनीन किडींना नकोशी होतात, आणि जी कीड तरीही चढते ती फुग्याला धक्का लागून राळेत चिकटते. राळ सर्वांत दाट कुठे, तर मादी फुलाभोवती, जिथे बी धरायचं असतं. नराच्या झाडावर ग्रंथी फार थोड्या. हे शेतकऱ्याला रसायनशास्त्राच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. ब्रिटिश सरकारने 1893 मध्ये नेमलेल्या हेंप ड्रग्ज कमिशनच्या अहवालाचे सात खंड आहेत. बंगालमधल्या नौगावच्या गांजा-शेतीची त्यात तपशीलवार नोंद आहे. तिथे ‘पोद्दार’ नावाचे जाणकार असत. त्यांचं काम एवढंच, की फुलोरा धरायच्या आधी शेतात फिरून नराची रोपं ओळखायची आणि उपटायची. परागकण मिळाले नाहीत की मादी बी धरत नाही आणि राळ गाळत राहते. आपल्या मुंबई इलाख्यातही तेव्हा नगर जिल्ह्यात परवान्याने गांजा पिकत असे. त्या अहवालाकडे आज आपण केवळ अबकारी दस्तऐवज म्हणून पाहतो. मला तो वनस्पतिशास्त्राचा ठेवा वाटतो, कारण त्यात लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांचं निरीक्षण जपून ठेवलेलं आहे.

या द्रव्यांची नावं वाचली तरी एक फेरफटका होतो. पायनीन हे पाइनवरून, लिमोनीन लिंबावरून. ह्यूम्युलीन हे ह्यूम्युलस या हॉप्सच्या शास्त्रीय नावावरून. बिअरला कडवटपणा देणारे हॉप्स म्हणजे भांगेचे सख्खे कुळबंधू, दोघांचं कुळ कॅनाबेसी. कॅरिओफिलीन लवंगेच्या जुन्या लॅटिन नावावरून. आणि ओसिमीन? ते ओसिमम या प्रजातीच्या नावावरून, म्हणजे तुळशी-सब्जाच्या. भांगेत तुळस खरोखरच नावासकट सापडते. ओसिमीनची ओळख मराठी माणसाला आणखी एका वाटेने आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूस आंब्याच्या वासाचा अभ्यास झाला, तेव्हा हापूसच्या उडणाऱ्या द्रव्यांत टर्पिनांचा वाटा सर्वांत मोठा आणि त्यातही ओसिमीन अग्रभागी असल्याचं दिसलं. आढीत ठेवलेल्या पेटीजवळ गेल्यावर जो गोड-हिरवा वास येतो, त्यात ते असतं.

पुण्याचं नाव निघालं म्हणून टर्पिनांच्या इतिहासाविषयी थोडं. तो पुण्यापर्यंत येतो, पण सुरू होतो जर्मनीत. बॉनच्या विद्यापीठात एका कपाटात सुगंधी तेलांच्या विसरलेल्या बाटल्या पडून होत्या. ऑटो वॉलाख या तरुण रसायनशास्त्रज्ञाने त्या हातात घेतल्या. त्या काळी प्रत्येक झाडाच्या तेलात वेगळंच टर्पीन सापडल्याचं जाहीर होई, आणि नावांचा नुसता गोंधळ माजला होता. वॉलाखने दाखवलं की नावं शेकडो असली तरी द्रव्यं मोजकीच आहेत, आणि 1887 मध्ये मांडलं की ती सगळी पाच कार्बनांच्या विटांनी रचलेली आहेत. 1910 चं नोबेल त्याला मिळालं. पुढे लिओपोल्ड रुझिच्का यांनी त्या नियमाला सजीवांतल्या घडणीचा आधार दिला. भांगेच्या बाबतीत, केंब्रिजच्या वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी 1896 साली हिंदुस्थानी चरसाचं ऊर्ध्वपातन केलं. त्यांना एक टर्पीन, एक सेस्क्विटर्पीन आणि एक लालसर जाड तेल मिळालं. जगाचं लक्ष त्या लाल तेलाकडे गेलं, कारण नशा त्यात होती. वासाची दोन द्रव्यं तळटीपेत राहिली.

भारतात टर्पिनांची परंपरा रुजवली ती जॉन सायमनसेन यांनी. 1914 च्या पहिल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या दोन संस्थापकांपैकी हे एक. हिमालयातल्या चिडाच्या टर्पेंटाइनमधून त्यांनी 1920 साली कॅरीन आणि लाँगिफोलीन वेगळी केली. यांतलं कॅरीन भांगेच्या तेलातही असतं. विलायतेला परतल्यावर, 1942 मध्ये, याच सायमनसेननी अलेक्झांडर टॉड यांच्यासोबत इजिप्तच्या हशिशचं सुगंधी तेल तपासलं आणि त्यात ह्यूम्युलीन ओळखलं. इकडे पुण्यात सुख देव यांनी 1960 च्या दशकात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सेस्क्विटर्पिनांवर जे काम उभं केलं, त्याचा दबदबा जगभर होता. पाषाण रस्त्यावरच्या त्या इमारतीत टर्पिनांच्या अभ्यासकांची एक अख्खी पिढी घडली, आणि मराठीत त्याविषयी लिहिलं गेलेलं मी फारसं वाचलेलं नाही. ही उणीव मला बोचते.

वास टिकत नाही, हेही पुस्तकात आहे. मिसिसिपी विद्यापीठातल्या रॉस आणि एल्सोहली यांनी 1996 मध्ये ताज्या आणि वाळवलेल्या फुलोऱ्याची तुलना केली. आठवड्याभरात सुगंधी तेल सुमारे 31 टक्क्यांनी घटलं, महिन्यात 45, तीन महिन्यांत 55. उडून गेली ती मुख्यतः हलकी मोनोटर्पिनं. म्हणजे आपण ज्याला ‘गांजाचा वास’ म्हणतो तो वाळलेल्या मालाचा वास आहे, हलके सूर गळून गेलेल्या गाण्यासारखा. याचं टोकाचं उदाहरण चीनच्या तुर्फान भागात मिळालं. तिथल्या सुमारे 2700 वर्षं जुन्या थडग्यात 789 ग्रॅम भांग निघाली. कोरड्या हवेने तिचा हिरवेपणासुद्धा टिकवला होता. वास मात्र शिल्लक नव्हता.

टर्पिनांवर सगळं भागत नाही, हे मला लिहिता लिहिता कळलं, आणि एक प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. तो कुबट, नाकात शिरणारा, शेजाऱ्यांना दारं लावायला लावणारा वास कुठल्याच टर्पिनाने नीट समजत नव्हता. 2021 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याचं कारण शोधलं: गंधकाचा अणू असलेली काही द्रव्यं, प्रमाण अत्यल्प, पण नाकाला त्यांची जाणीव फार तीव्र. त्यांतलं प्रमुख द्रव्य 3-मेथिल-2-ब्यूटीन-1-थायॉल. उन्हात राहिलेल्या बिअरला जो घाणेरडा वास येतो तोही याच द्रव्याचा, आणि तिथे ते हॉप्सपासून तयार होतं. दोन वर्षांनी त्याच गटाने दाखवलं की काही वाणांच्या खमंग-उग्र वासामागे इंडोल आणि स्कॅटोल आहेत. इंडोल मोगऱ्याच्या फुलातही असतं. थोडं असलं की मादक, जास्त झालं की नकोसं. वासाच्या जगात चांगलं-वाईट हे बऱ्याचदा मात्रेचं प्रकरण असतं.

या द्रव्यांचा माणसावर परिणाम काय, याविषयी बाजारात जे बोललं जातं त्यापासून वाचकाने सावध राहावं. परदेशातल्या दुकानांत ‘इंडिका’ म्हणजे झोप आणि ‘सटायव्हा’ म्हणजे तरतरी असं सांगून माल विकतात. 2021 च्या एका मोठ्या अभ्यासात या पाट्या झाडाच्या वंशाशी जुळल्या नाहीत. जुळल्या त्या मायर्सीनसारख्या मोजक्या टर्पिनांच्या प्रमाणाशी. म्हणजे लोक नाकाने नावं ठेवत होते. टर्पिनं टीएचसीचा परिणाम बदलतात, या कल्पनेला ‘आन्तूराज’ म्हणतात, म्हणजे लवाजमा. कल्पना देखणी आहे, पुरावा अजून तोकडा आहे. सिडनीच्या संशोधकांनी पेशींवर प्रयोग केले, तेव्हा टीएचसी पेशीवर जिथे चिकटतो त्या ग्राहींवर टर्पिनांनी काही फरक पाडला नाही. उलट 2024 साली जॉन्स हॉपकिन्समध्ये वीस निरोगी प्रौढांवर झालेल्या चाचणीत टीएचसीसोबत लिमोनीनची वाफ घेतल्याने चिंता कमी झाली. माझ्या लेखी सध्या सर्वांत भक्कम गोष्ट एकच: कॅरिओफिलीन शरीरातल्या सीबी-2 या ग्राहीला थेट चिकटतं, हे 2008 मध्ये सिद्ध झालं. ही ग्राही मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर असते आणि तिच्याने नशा येत नाही. म्हणजे मिरीची फोडणी घातलेल्या रस्स्यातून आपण रोज हे द्रव्य पोटात घेतो. त्यापलीकडे जो कुणी एखाद्या अर्काच्या बाटलीवर झोप, भूक आणि सांधेदुखी यांची हमी लिहितो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

कायद्याविषयी दोन शब्द. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे, आणि शेंड्यांसोबत नसलेली नुसती पानं आणि बिया त्यातून वगळलेल्या आहेत. चरस म्हणजे वेगळी केलेली राळ. भिंगातून पाहिलं की कळतं, कायद्याने रेघ मारली ती नेमकी ग्रंथिकेशांच्या दाटीवरून. महाराष्ट्रात हे झाड लावणं गुन्हा आहे, आणि या पुस्तकात लावण्याची, काढण्याची किंवा ओढण्याची एकही कृती नाही. गांजाच्या पायी उद्ध्वस्त झालेली घरं मी पाहिली आहेत. वर्गातल्या एका हुशार मुलाला मी स्वतः त्यात गमावलं आहे. त्या दुःखाला कमी लेखण्यासाठी मी हे लिहिलेलं नाही. पण भीतीपोटी एखाद्या झाडाकडे बघायचंच नाही, असं ठरवलं तर ना त्याचा धोका नीट कळतो, ना त्याची करामत. आणि करामत कळल्याशिवाय, त्या मुलाला मी काय सांगायला हवं होतं, हे मला आजही नीट सुचलं नसतं.

वाचकाला एक विनंती. पुढची पानं उलटण्याआधी अंगणातल्या किंवा गॅलरीतल्या तुळशीचं एक पान खुडा आणि पालथं करून उजेडात धरा. जुन्या बाजारात शंभर-दीडशे रुपयांत मिळणारं दहापटीचं भिंग पुरे. शिरांच्या मधल्या जागेत बारीक चकाकते ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी आहेत, वर सांगितल्या तशाच फुग्याच्या. मग ते पान बोटांत चोळा आणि नाकाशी न्या. त्या वासात थोडंसं कॅरिओफिलीन आहे.